आवडलेल्या फॅनफिकची शिफारस कशी लिहावी

टीव्ही मालिकांवरच्या फॅनफिक्शनची, म्हणजे चाहत्यांनी मालिकेतल्या पात्रांवर हौसेने लिहिलेल्या कथांची, जाहिरात होत नाही, त्याची परीक्षणे छापून येत नाहीत आणि कोणताही प्रकाशक ते वाचकांपर्यंत नेत नाही. एखादी कथा एका चाहत्याकडून दुसऱ्याकडे जाते ती बहुतेक वेळा कोणीतरी आपुलकीने "ही वाच" असे सांगितल्यामुळेच. ही रीत जुनी आहे. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, केवळ तिलाच वाहिलेले 'स्पॉकेनेलिया' हे चाहत्यांचे पहिले नियतकालिक निघाले. त्या काळी असे अंक टपालाने फिरत आणि कोणत्या अंकातली कोणती कथा चुकवू नये, हे चाहते एकमेकांना पत्रांतून आणि संमेलनांत सांगत. १९९० च्या दशकात 'द एक्स-फाइल्स'च्या चाहत्यांनी इंटरनेटवर कथांचे मोठे संग्रह उभे केले, १९९८ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेट आले आणि २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले एओथ्री, सर्वांसाठी खुले झाले. कथा ठेवण्याच्या जागा बदलत गेल्या, तरी सांगणाऱ्याची गरज कमी झाली नाही. उलट ती वाढली, कारण एकट्या एओथ्रीवर आज एक कोटीहून अधिक कृती आहेत.

मालिका, पात्रे, लांबी असे निकष लावून तिथे कथा शोधता येतात हे खरे, पण निकषांनाही मर्यादा असतात. एओथ्रीवर 'कुडोज' नावाची पसंतीची खूण असते आणि एका वाचकाला एका कृतीवर ती एकदाच देता येते. त्यामुळे शंभर शब्दांची कथा वाचून गेलेल्याची खूण आणि चाळीस प्रकरणे रात्र जागून वाचलेल्याची खूण यांचे वजन सारखेच भरते. जुन्या कथांना खुणा गोळा करायला अधिक वर्षे मिळालेली असतात, आणि लोकप्रिय जोडीवरच्या साधारण कथेलाही दुय्यम पात्रावरच्या उत्तम कथेपेक्षा कितीतरी जास्त वाचक लाभतात. आकड्यांच्या क्रमाने शोधणाऱ्याला ती उत्तम कथा बहुधा दिसणारच नाही. ती दिसावी म्हणून शिफारस लिहायची असते, आणि त्यासाठीच ती विचारपूर्वक लिहावी लागते. वाचायचे की नाही हे ठरवता येईल इतकी अचूक माहिती शिफारशीने द्यावी आणि मालिकेने सोडलेल्या कोणत्या मोकळ्या जागेत ही कथा उभी आहे, ते नेमके दाखवावे, असे माझे मत आहे. कौतुकाचे शब्द त्यानंतर आले तरी चालतात.

लिहिण्यापूर्वी

शिफारस लिहायला बसण्याआधी कथा पुन्हा एकदा वाचावी. पर्वाचा शेवटचा भाग पाहून मन अस्वस्थ असताना वाचलेली कथा आपल्याला हवा तो दिलासा देते, आणि त्या दिलाशाचे सारे श्रेय आपण कथेला देऊन मोकळे होतो. काही दिवसांनी शांतपणे वाचल्यावर कथेचे स्वतःचे बळ किती, हे कळते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीची 'शेरलॉक' ही मालिका. तिचे दुसरे पर्व जानेवारी २०१२ मध्ये संपले तेव्हा शेरलॉक रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी मारताना दिसला, त्याचा मित्र जॉन याने त्याला मृत मानले, आणि अखेरच्या क्षणी प्रेक्षकांना मात्र तो जिवंत असल्याचे दिसले. तो वाचला कसा, या प्रश्नाचे उत्तर घेऊन तिसरे पर्व आले ते जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या दोन वर्षांत चाहत्यांनी या प्रसंगावर भरपूर लिहिले. त्यांतल्या ज्या कथा केवळ उडीचे कोडे सोडवत होत्या, त्यांचे कुतूहल तिसऱ्या पर्वानंतर साहजिकच ओसरले. ज्या कथा जॉनच्या शोकाबद्दल होत्या, रिकाम्या घरात एकट्याने दिवस काढण्याबद्दल होत्या, त्या आजही तितक्याच मनापासून वाचता येतात, कारण त्यांचा जीव पुढे काय होणार यात अडकलेला नव्हता. म्हणून दुसऱ्या वाचनात स्वतःला विचारावे की मालिकेत पुढे काय घडले हे ठाऊक असलेल्या वाचकालाही ही कथा धरून ठेवेल का. उत्तर होकारार्थी असेल, तर कथा कोणत्या पर्वाच्या आधी लिहिली गेली हे शिफारशीत आवर्जून नमूद करावे. एओथ्रीवर कथेच्या माथ्याशी प्रकाशनाची तारीख असते, ती पाहून हे सहज सांगता येते. तसे सांगितले नाही, तर नवा वाचक मालिकेशी जुळत नसलेला तपशील पाहून लेखकाला दोष देतो, आणि तो दोष लेखकाचा नसतो.

दुसऱ्या वाचनात आणखी एक शोध घ्यावा. कथेतला कोणता क्षण आपल्याला लागला, तो हुडकून काढावा आणि त्याच्याजवळ थोडे थांबावे. इतर ललित लेखनापेक्षा फॅनफिक्शनचा आनंद थोडा निराळा असतो, कारण इथे वाचक त्या माणसांना आधीपासून ओळखत असतो. पात्राचे बोलणे कानाला ओळखीचे वाटते का, त्याच्या रागाची आणि गप्प राहण्याची तऱ्हा तीच आहे का, हे तो पहिल्या दोन पानांतच पारखतो. आपल्या आवडीचे मूळ बहुतेकदा याच ठिकाणी सापडते: लेखकाने एखाद्या पात्राला असे वाक्य दिलेले असते, जे मालिकेत ते कधी बोलले नाही, पण बोलले असते याबद्दल आपल्याला तिळमात्र शंका नसते. तो क्षण सापडला की शिफारशीचा गाभा हाती आला असे समजावे.

माहिती आधी द्यावी

कथेचे नाव, लेखकाचे टोपणनाव त्याने लिहिले आहे तसेच, मूळ कथेचा दुवा आणि मालिकेचे नाव एवढे सर्वजण देतातच. कथेची भाषाही सांगावी, कारण शिफारस मराठीत असली तरी कथा बहुधा इंग्रजीत असते आणि काहींना ते आधी कळायला हवे असते. यापुढच्या माहितीत मात्र बारकावे आहेत.

पहिला बारकावा मालिकेच्या कथानकाचा. कथा कोणत्या भागापर्यंतच्या घटना गृहीत धरते, हे स्पष्ट लिहावे. "तिसऱ्या पर्वाच्या शेवटापर्यंत पाहिलेले असावे" हे एक वाक्य अनेकांचा रसभंग टाळते. त्यासोबतच कथेचे मूळ मालिकेशी नाते कोणते, हे सांगावे. दोन दृश्यांमध्ये न दाखवलेला प्रसंग ती भरून काढते, की एखाद्या वळणावर मालिकेपासून फारकत घेऊन वेगळ्या वाटेने जाते? चाहत्यांना न पटलेला शेवट ती बदलते, की पात्रे तीच ठेवून त्यांना सर्वस्वी निराळ्या जगात नेऊन ठेवते? दोन मालिकांची सरमिसळ असेल, तर दोन्ही मालिका माहीत असणे कितपत आवश्यक आहे, तेही नमूद करावे. ज्यांना मालिकेच्या चौकटीत राहणाऱ्या कथाच रुचतात आणि ज्यांना चौकट मोडलेलीच आवडते, असे दोन्ही प्रकारचे वाचक असतात. दोघांनाही आपली कथा कोणती ते लगेच ओळखता आले पाहिजे.

दुसरा बारकावा नात्यांचा. एओथ्रीवर दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर ते प्रेमाचे किंवा शारीरिक नाते असते, आणि इंग्रजीतले 'आणि'चे चिन्ह असेल तर ती मैत्री, कौटुंबिक किंवा तशी अन्य जवळीक असते. तिरक्या रेघेची ही पद्धत 'स्टार ट्रेक'च्या कर्क आणि स्पॉक यांच्यावरच्या कथांपासून १९७० च्या दशकात रूढ झाली. नवख्या वाचकाला चिन्हांतला हा फरक ठाऊक असेलच असे नाही, म्हणून शिफारशीत चिन्हांवर विसंबू नये आणि "या दोघांच्या मैत्रीची कथा" असे शब्दांत लिहावे.

याला लागूनच आणखी एक गोंधळ नेहमी होतो. 'जेन' म्हणून नोंदवलेली कथा म्हणजे जिच्या केंद्रस्थानी प्रेमसंबंध नाही अशी कथा. 'जनरल ऑडियन्सेस' ही मात्र वयानुसार दिलेली श्रेणी आहे, म्हणजे कोणत्याही वयाच्या वाचकाला चालेल अशी कथा. शब्द जवळचे असल्यामुळे अनेक जण दोन्ही एकच समजतात. प्रत्यक्षात जेन कथा अतिशय हिंसक असू शकते, आणि सर्वांना चालेल अशी कथा प्रेमाने ओथंबलेली असू शकते. शिफारस करणाऱ्याने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात.

सर्वांत जास्त काळजी आशयाच्या सूचनांबाबत घ्यावी. एओथ्रीवर तीव्र हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीन पात्रांचा लैंगिक संबंध यांसाठी ठरावीक सूचना आहेत. यांपैकी काहीही नसेल तर लेखक तसे नोंदवतो. याखेरीज तिसरा पर्यायही लेखकापुढे असतो, तो म्हणजे या सूचना न देण्याचा. हा तिसरा पर्याय निवडलेला दिसला की कथा निर्धोक आहे असा समज काही वाचक करून घेतात, पण त्याचा खरा अर्थ कथेत काहीही असू शकते, एवढाच आहे. बहुतेक वेळा कथेतला धक्का आधीच उघड होऊ नये म्हणून लेखक तो निवडतो. अशा वेळी शिफारस करणाऱ्यावरची जबाबदारी वाढते, कारण कथा आपण वाचलेली असते आणि तिच्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते.

इथे दोन प्रामाणिक अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. आप्ताच्या मृत्यूतून नुकत्याच गेलेल्या वाचकाला तशी कथा अजाणता समोर यायला नको असते, आणि दुसऱ्या वाचकाला शेवट आधी कळायला नको असतो. दोन्ही साधता येतात. मुख्य मजकुरात "आशयाबद्दलची सूचना शेवटी दिली आहे, तिच्यात कथेतली एक घटना उघड होते" असे लिहावे आणि शिफारस संपल्यावर, थोडी जागा सोडून, ती सूचना एका वाक्यात स्पष्ट शब्दांत द्यावी. "थोडी दुःखद आहे" यासारखे मोघम वाक्य कोणाच्याही उपयोगाचे नसते. "एका पात्राच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख आहे, प्रसंग प्रत्यक्ष दाखवलेला नाही" असे लिहिले की वाचक स्वतः ठरवू शकतो.

लांबीबद्दल फार लिहायला नको. शब्दसंख्या द्यावी, आणि जमल्यास वाचायला लागणारा वेळही. इंग्रजीत मिनिटाला दोनशे ते अडीचशे शब्द या सर्वसाधारण गतीने पन्नास हजार शब्दांना साडेतीन ते चार तास लागतात. 'ड्रॅबल' म्हणजे नेमकी शंभर शब्दांची कथा, तिच्यासाठी वाचकाला कसलीच तयारी लागत नाही. कथा अपूर्ण असेल तर ते मात्र पहिल्याच वाक्यात सांगावे. प्रकरणांच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असेल, तर कथा किती लांबेल हे लेखकाने ठरवलेले किंवा कळवलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. शेवटचे प्रकरण कधी आले आणि कथा जिथे थांबली आहे तिथे वाचक अधांतरी राहतो की नाही, ही दोन उत्तरे द्यावीत. अपूर्ण कथांची शिफारसच करू नये, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. काही अपूर्ण कथांची पहिली दहा प्रकरणे अनेक पूर्ण कथांपेक्षा समृद्ध असतात आणि वाचक मिळाल्यावर लेखकाला पुढे लिहायचा हुरूपही येतो. वाचकाला अंधारात ठेवू नये, इतकेच.

शिफारशीचा परिच्छेद

माहिती दिल्यावर खरे लेखन सुरू होते. "अप्रतिम! काळजाला भिडते! वाचायलाच हवी!" अशा शिफारशी रोज दिसतात आणि त्यांमागची कळकळ खरी असते, यात वाद नाही. परंतु हे शब्द कोणत्याही कथेला लावता येतात, त्यामुळे वाचकाला या कथेबद्दल काहीच कळत नाही. कळते ते फक्त सांगणाऱ्याच्या मनःस्थितीबद्दल.

समजा, रुग्णालयावरची एक मालिका आहे. तिच्या तिसऱ्या पर्वाच्या सहाव्या भागात रात्रपाळीची एक परिचारिका राजीनामा देते, सातव्या भागात तिच्या जागी दुसरी येते आणि मालिका तिचे नावही पुन्हा घेत नाही. एका चाहत्याने तिच्यावर कथा लिहिली आहे. तिची शिफारस मी अशी लिहीन:

"तिसऱ्या पर्वातला तो राजीनामा आठवतो? मालिकेने जे पान उलटले, तिथेच ही कथा थांबते. तिच्या शेवटच्या रात्रपाळीचे हे आठ तास आहेत. मोठे असे काही घडत नाही. ती औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या सुपूर्द करते, नोंदवहीत शेवटची नोंद लिहिते, आणि ज्या डॉक्टरांशी दोन पर्वे तिचे खटके उडत आले, त्यांच्याबरोबर जिन्यात काही मिनिटे उभी राहते. त्या दोघांचे बोलणे मालिकेतल्यासारखेच तुटक आहे, फक्त या वेळी दोघांपैकी कोणीही आधी निघून जात नाही. राजीनाम्याचे कारण लेखकाने कुठेही उघड सांगितलेले नाही, तरी कथा संपेपर्यंत ते आपल्याला कळलेले असते. सुरुवातीची दोन पाने संथ आहेत, तेवढा धीर धरावा. तिसऱ्या पर्वाचा सहावा भाग पाहिलेला असावा, पुढचे काही पाहिलेले नसले तरी चालेल. पूर्ण कथा, सुमारे सात हजार शब्द, प्रेमकथा नाही. एका रुग्णाच्या मृत्यूचा उल्लेख आहे."

या परिच्छेदात पहिला प्रश्न वाचकाच्या स्मरणाला हात घालतो. ज्याला तो राजीनामा खटकला होता, तो इथेच थांबून पुढे वाचेल, आणि ज्याला तो आठवतही नाही, त्याला ही कथा आपल्यासाठी नाही हे कळेल. दोघांचाही वेळ वाचतो. किल्ल्या आणि नोंदवही हे दोन बारीक तपशील कथेचा पोत दाखवतात. ही कथा घटनांवर चालत नाही, सवयीच्या कामांवर चालते, हे त्यांतून विशेषणांशिवाय समजते. डॉक्टरांबद्दलचे वाक्य पात्रांचा आवाज साधला आहे याची ग्वाही देते आणि त्याच वेळी कथेने मालिकेत कोणती नवी भर घातली, तेही सांगते. नोंदवहीतली ती शेवटची नोंद काय आहे, हे मात्र मुद्दाम सांगितलेले नाही. कथा ज्यासाठी लिहिली गेली ती गोष्ट वाचकाला स्वतः सापडायला हवी.

कथेतली एखादी ओळ उद्धृत करायची असल्यास ती पहिल्या एक-तृतीयांश भागातली असावी आणि दोन वाक्यांपेक्षा मोठी नसावी. शेवटची ओळ कितीही सुंदर असली तरी घेऊ नये, कारण आधीच्या सगळ्या पानांनी तिला उभे केलेले असते आणि सुटी काढल्यावर ती साधी दिसते. विनोदी कथांच्या बाबतीत ओळ देणे सर्वांत फायद्याचे ठरते. विनोद समजावून सांगता येत नाही, पण एक संवाद ऐकवला की लेखकाचा बाज कळतो.

उणीव सांगावी का? माझ्या मते सांगावी, पण माहिती म्हणून. वरच्या उदाहरणात सुरुवात संथ असल्याचे सांगितले आहे ते वाचकाने दुसऱ्या पानावर कथा सोडू नये म्हणून. फॅनफिक्शन लिहिणारा मोबदला न घेता, हौसेने लिहितो, आणि शिफारस ही काही परीक्षकाची खुर्ची नव्हे. कथेत पाच दोष दिसत असतील, तर शिफारशीसाठी दुसरी कथा निवडावी.

एका कथेची बाजू घेताना दुसऱ्या कथांना खाली ओढणे टाळावे. "या जोडीवरच्या बाकीच्या रडक्या कथांसारखी ही नाही" असे लिहिले की त्या बाकीच्या कथा लिहिणारे आणि वाचणारे, म्हणजेच आपले संभाव्य वाचक, दुखावले जातात. "मालिकेच्या लेखकांपेक्षा हिने चांगले लिहिले आहे" हे वाक्यही फार वापरले जाते. त्याऐवजी मालिकेने जे केले नाही आणि या कथेने केले, ते नेमके सांगावे.

कोणाला कोणती कथा

एकच कथा सर्वांना सांगत सुटण्यापेक्षा समोरच्याची आवड ओळखून सांगणे केव्हाही बरे. फॅनफिक्शन कधीच न वाचलेल्या मालिकाप्रेमीला पहिल्यांदा लहान, पूर्ण आणि मालिकेच्या सुराजवळची कथा द्यावी. दोन लाख शब्दांची पर्यायी जगातली कादंबरी आपल्याला प्राणप्रिय असली, तरी तिची वेळ नंतर येते. मालिकेच्या शेवटावर चिडून जो चाहता दूर गेला आहे, त्याला शेवट दुरुस्त करणारी कथा परत आणू शकते. ज्याने मालिकाच पाहिलेली नाही, त्याला पात्रांची ओळख नव्याने करून देणारी, निराळ्या जगातली कथा चालू शकते, कारण तिथे लेखकाला सर्व काही पायापासून उभारावे लागते.

जोड्यांबाबतच्या निष्ठा चाहत्यांमध्ये फार घट्ट असतात आणि त्यांचा मान राखावा. एका जोडीच्या चाहत्याला दुसऱ्या जोडीची कथा "वाचून तर बघ, मत बदलेल" म्हणून पुढे करणे हा आग्रह झाला. त्याने स्वतःहून विचारले तर गोष्ट वेगळी.

फारसे चाहते नसलेल्या मालिकांवरच्या कथांसाठी शिफारशीत थोडी अधिक मेहनत घ्यावी लागते आणि ती सार्थकीही लागते. अशाच छोट्या, दुर्लक्षित विषयांवर चाहत्यांनी एकमेकांसाठी कथा लिहाव्यात म्हणून 'यूलटाइड' हा वार्षिक उपक्रम २००३ पासून चालतो, आणि त्याच्या संग्रहात आजवर फार थोड्यांनी वाचलेल्या उत्तम कथा सापडतात. अशा कथेची शिफारस करताना मालिकेचीही दोन-तीन वाक्यांत ओळख करून द्यावी. ती किती भागांची आहे, कशाबद्दल आहे आणि कथेसाठी तिच्यातला कोणता एखादा भाग पाहिला तरी पुरेल, हे सांगितले की वाचकाला वाट सापडते.

लेखकाचा मान

दुवा नेहमी मूळ ठिकाणाचा द्यावा. एओथ्रीवरून कथा ईपब किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते, पण ती सोय वाचकाच्या स्वतःच्या वाचनासाठी आहे. ती फाइल इकडेतिकडे पाठवली तर वाचकांची दाद आणि अभिप्राय लेखकापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि लेखकाने नंतर कथा सुधारली किंवा काढून घेतली तरी जुनी प्रत त्याच्या इच्छेविरुद्ध फिरत राहते. कथा छापून, बांधून विकणे तर पूर्णपणे वर्ज्य मानावे. फॅनफिक्शन दुसऱ्याच्या पात्रांवर उभे असते आणि विनामूल्य असणे हा त्याच्या संरक्षणाचा मोठा भाग आहे. वाचकाने त्यावर कमावलेल्या पैशाचे परिणाम लेखकाला भोगावे लागू शकतात.

काही कथा केवळ नोंदणीकृत सदस्यांनाच दिसतात. शिफारशीत तसे लिहावे आणि त्या कथेचे स्क्रीनशॉट काढून बाहेर देऊ नयेत, कारण लेखकाने ते दार विचार करून लावलेले असते. निनावी कथा कोणाची असेल याचे तर्कही जाहीरपणे लढवू नयेत. टोपणनावामागची व्यक्ती आपल्याला ठाऊक असली तरी खरे नाव, नोकरी, गाव यांचा उल्लेख चुकूनही करू नये. टोपणनावावरून लेखक स्त्री आहे की पुरुष हे कळत नाही, आणि मराठीत क्रियापद ते लगेच उघड करते. अशा वेळी "लेखकाने लिहिले आहे", "लेखकाने दाखवले आहे" अशी रचना वापरली की अंदाज बांधावा लागत नाही.

मालिकेतल्या कलाकारांना किंवा तिच्या लेखकांना कथेचा दुवा पाठवू नये. कलाकारांना त्यातून संकोच वाटू शकतो, आणि लेखकांच्या बाबतीत अडचण त्याहून ठोस असते. 'बॅबिलॉन ५' या मालिकेचे निर्माते-लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की इंटरनेटवर चाहत्यांशी बोलत असत. तिथे एका चाहत्याने मांडलेली कल्पना त्यांच्या नियोजित भागाशी जुळली, आणि पुढे वाद उद्भवू नये म्हणून त्या चाहत्याकडून लेखी संमती मिळेपर्यंत त्यांना तो भाग बाजूला ठेवावा लागला. व्यावसायिक लेखक चाहत्यांच्या कथा वाचण्याचे टाळतात त्यामागे असे व्यावहारिक कारण असते. कथा चाहत्यांसाठी लिहिलेली आहे, तिची शिफारसही चाहत्यांपर्यंतच राहावी.

लेखकाला मात्र अवश्य कळवावे. कथेखाली अभिप्राय लिहून, आपण ही कथा इतरांना सुचवली आहे आणि त्यात अमुक क्षणाचा उल्लेख केला आहे, एवढे सांगितले तरी पुष्कळ होते. कथा अनेक वर्षांपूर्वीची असली तरी संकोच करू नये. जुन्या कथेवर आलेला अभिप्राय लेखकांना विशेष मोलाचा वाटतो.

शिफारशींची नोंद ठेवण्यासाठी एओथ्रीवरच बुकमार्क करताना 'शिफारस' अशी खूण करण्याची सोय आहे, आणि त्यासोबत आपला परिच्छेदही जोडता येतो. बुकमार्क सर्वांना दिसणारा ठेवला, तर त्या कथेपर्यंत पोहोचलेले इतर वाचकही तो वाचतात. लेखकही तो वाचू शकतो, हे ध्यानात ठेवून मजकूर लिहावा. एकाच वेळी तीस कथांची यादी देण्यापेक्षा एका कथेवर एक नीट परिच्छेद लिहिलेला वाचक अधिक मनावर घेतात, असा माझा अनुभव आहे. यादी करायचीच असेल, तर ती एखाद्या पात्राभोवती किंवा एखाद्या भागाभोवती बांधावी.

जुन्या शिफारशी मधूनमधून तपासाव्यात. अपूर्ण कथा पूर्ण झाली असेल तर तसा बदल करावा, मालिकेचे नवे पर्व आले असेल तर कथा त्याआधीची असल्याचे जोडावे आणि दुवा चालतो की नाही ते पाहावे. लेखकाने कथा काढून घेतलेली आढळली, तर दुवा काढून टाकावा आणि आपल्याजवळच्या प्रतीची मागणी कोणी केली, तरी ती देऊ नये.